हार-जितीचे शब्द: मराठीची परंपरा आणि इंग्रजीची भर



आजच्या व्याख्यानाचा विषय हार आणि जीत यांविषयीचे शब्द हा आहे. वरवर पाहता हा विषय कोशकारांचा वाटतो. परंतु ज्या जिल्ह्यात पावसाने दगा दिला की अख्खे वर्ष हातचे जाते, जेथे गावोगावच्या जत्रांत कुस्तीचा फड रंगतो, जेथील मुली खो-खोच्या मैदानावर देशाचे नेतृत्व करतात आणि जेथील गावे दर पाच वर्षांनी ग्रामपंचायतीच्या गुलालाने लाल होतात, त्या धाराशिव जिल्ह्यात हा विषय कोशात बसून राहू शकत नाही. येथे हार-जीत रोजच्या बोलण्यात आहे आणि ती कोणत्या शब्दांत बोलली जाते यावर बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे बरेच काही अवलंबून आहे.

गेल्या दोन-तीन पिढ्यांत या बोलण्यात इंग्रजी शब्दांची मोठी भर पडली आहे. विनर, लूजर, रनर-अप, टॉपर, फेल, कटऑफ, वॉकओव्हर, हॅटट्रिक, व्हाईटवॉश, ही यादी लांबवावी तितकी लांबेल. हे शब्द आले म्हणून मराठी बाटली अशी तक्रार करणे हा या व्याख्यानाचा हेतू नाही. तशी तक्रार करणाराही तक्रारीच्या शेवटी ‘मॅच हरलो’ असेच म्हणतो. प्रश्न वेगळा आहे. मराठीने हार-जितीचे शब्द कोणत्या रीतीने घडवले, बाहेरून आलेल्या शब्दांना कोणत्या रीतीने वागवले, आणि आज आलेल्यांपैकी कोणाला घरात घ्यावे व कोणाला उंबऱ्याबाहेर थांबवावे, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर चार मुद्द्यांत मांडायचे आहे: क्षेत्रागणिक वेगळी असलेली मराठी क्रियापदे, इतिहासाने दिलेले वाक्प्रचार, फारसीपासून इंग्रजीपर्यंतची उसनवारी, आणि शेवटी, पराभव डावाचा असतो की माणसाचा हा मूळ प्रश्न.

पहिला मुद्दा क्षेत्रागणिक क्रियापदांचा. मराठीत ‘हरणे’ हे क्रियापद आहे, पण मराठी माणूस ते सरसकट वापरत नाही. मल्ल चीत होतो, खो-खोचा खेळाडू बाद होतो, उमेदवार पडतो, विद्यार्थी नापास होतो, व्यापारी बुडतो आणि पीक जाते. इंग्रजीत सामना, निवडणूक, पैसा, पीक आणि कपाटाची किल्ली हे सारे ‘लूज’ या एकाच क्रियापदाने हातातून निसटू शकते. मराठीत प्रत्येक क्षेत्राने आपले क्रियापद आपल्याजवळ ठेवले आहे. (‘हरवणे’ या शब्दाने मात्र मराठीतही थोडा घोळ घातलेला आहे, कारण प्रतिस्पर्ध्यालाही हरवतात आणि छत्रीही हरवते, पण छत्रीने कोणाची कुस्ती मारली, असा गैरसमज अद्याप कोणाचा झालेला नाही.)

कुस्तीच्या शब्दांकडे पाहिले की ही विभागणी किती बारकाईची आहे ते ध्यानात येते. फडात उतरलेला मल्ल शड्डू ठोकतो, सलामी देतो, मग खडाखडी होते, म्हणजे दोघे हातावर हात देऊन एकमेकांच्या ताकदीचा अंदाज घेतात, आणि त्यानंतर ढाक, घिस्सा, धोबीपछाड, एकलंगी अशा डावांना तोंड लागते. ज्याची पाठ मातीला लागली तो चीत झाला, आणि पाठीवर पडलेल्याला वर आभाळच दिसत असल्याने त्याला अस्मान दाखवले असे म्हणतात. जिच्यात असा स्वच्छ निर्णय होतो ती निकाली कुस्ती. आणि निर्णय झालाच नाही तर कुस्ती बरोबरीत सुटते. ‘सुटते’ हा शब्द येथे मुद्दाम ऐकावा. बरोबरी झाली म्हणजे काही अपुरे राहिले असे मराठी म्हणत नाही. एकमेकांत अडकलेले दोघे मोकळे झाले, असे म्हणते.

महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ पासून चालत आली आहे. तिच्यात माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींकडील विजेते अखेर गदेसाठी एकमेकांशी लढतात. संघटनांच्या वादामुळे २०२३ च्या नोव्हेंबरात या नावाच्या दोन स्पर्धा झाल्या. त्यांपैकी एक धाराशिव येथे भरली आणि तिथे शिवराज राक्षे यांनी हर्षवर्धन सदगीर यांच्यावर मात केली. गादीबरोबर गुणांची पद्धतही आली, आणि त्यामुळे पाठ न टेकताही कुस्ती हरता येते हे जुन्या प्रेक्षकाला शिकावे लागले. तरी गावच्या फडात अजून विचारले जाते ते एवढेच: कुस्ती निकाली झाली का? आकड्यांनी सांगितलेला पराभव आणि डोळ्यांनी पाहिलेला पराभव यांतला फरक त्या एका प्रश्नात आहे.

खो-खोचे शब्द तर या जिल्ह्याच्या अधिकच जवळचे आहेत. या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बांधून दिले. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला. पुढे २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला हे दोन्ही संघ अजिंक्य ठरले. या खेळाचे वृत्तांत वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. ‘एक डाव राखून विजय’ म्हणजे आपला एक डाव न खेळताच मिळालेला विजय. ‘अलाहिदा डाव’ म्हणजे बरोबरी झाल्यावर खेळवलेला जादा डाव. ‘लघुत्तम आक्रमण’ म्हणजे पहिला गुण मिळवायला कोणाला कमी वेळ लागला यावर निकाल ठरवण्याची रीत. पण याहून महत्त्वाचे हे की बाद झालेल्या खेळाडूच्या नावापुढे तो बाद झाला एवढेच लिहीत नाहीत, तर तो किती मिनिटे आणि किती सेकंद पळाला हे लिहितात. संघ हरला तरी खेळाडूने किती वेळ टिकाव धरला ते कागदावर राहते. पराभवाची नोंद टिकावाच्या मापाने ठेवणारा असा दुसरा खेळ शोधावा लागेल.

निवडणुकीचे शब्द पाहावेत. उमेदवार ‘उभा राहतो’, मग तो ‘निवडून येतो’ किंवा ‘पडतो’, आणि कोणी मुद्दाम खटपट केली असेल तर त्याला ‘पाडतात’. ग्रामपंचायतीत पॅनेल ‘येते’ किंवा ‘जाते’, आणि गुलाल कोणाचा हा एकच प्रश्न त्या दिवशी चहाच्या प्रत्येक टपरीवर असतो. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर अनामत रक्कम जप्त होते, आणि या कायद्याच्या तरतुदीतून ‘डिपॉझिट जप्त होणे’ हा अस्सल मराठी वाक्प्रचार जन्मला. तो आज लग्नाच्या बोलण्यांपासून सासू-सुनेच्या वादापर्यंत कुठेही वापरला जातो. येथे ध्यानात घ्यायचे ते क्रियापदांचे रूप. जो उभा राहिला तोच पडतो, आणि जो पडला तो पुढच्या खेपेला पुन्हा उभा राहतो. मराठी राजकारणात पडलेला माणूस कायमचा पडून राहिल्याचे उदाहरण विरळाच. त्याचे श्रेय पुढाऱ्यांच्या चिकाटीला द्यावे की क्रियापदाला, हे श्रोत्यांनी ठरवावे.

दुसरा मुद्दा इतिहासाचा. वाक्प्रचार इतिहासातून येतात हे सर्वमान्य आहे, पण कोणत्या इतिहासातून येतात? विजयाच्या की पराभवाच्या? १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवराव भाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी उदगीरला निजामाचा मोठा पराभव केला. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत उदगीर याच जिल्ह्यात होते, तेव्हा तो विजय घरचा म्हणायला हरकत नाही. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला, म्हणजे भूम-परंड्याच्या शेजारी, मराठ्यांनी निजामाला पुन्हा नमवले. हे दोन्ही विजय मोठे होते, जवळचे होते आणि बखरींनी व शाहिरांनी त्यांची दखलही घेतली. पण उदगीरवरून मराठीत कोणता वाक्प्रचार आला? खर्ड्यावरून कोणता आला? एकही रूढ झाला नाही.

आणि उदगीरनंतर एक वर्षही पुरते होण्याआधी, १४ जानेवारी १७६१ रोजी, येथून शेकडो कोस दूर पानिपतावर जे घडले त्याने मराठीला किती शब्द दिले ते मोजावे. ‘पानिपत होणे’ म्हणजे दाणादाण उडणे. ‘विश्वास पानिपतात गेला’ म्हणजे भरवसा उरला नाही, आणि तिथे पडलेल्या विश्वासरावांच्या नावावरचा तो श्लेष अडीच शतकांनंतरही बोलला जातो. ‘संक्रांत कोसळणे’ आणि ‘भाऊगर्दी’ यांचा संबंधही लोक त्याच दिवसाशी जोडतात. त्या पराभवाची बातमी सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत, मोती, मोहरा आणि चिल्लर नाणी यांच्या हिशेबात, दक्षिणेत पोहोचली असे परंपरा सांगते. सेनापती आणि पेशवेपुत्र मोती झाले, सरदार मोहरा झाले, आणि सामान्य शिपायांची गणती चिल्लरीत झाली. आघात एवढा मोठा होता की तो उघड्या शब्दांत सांगवेना.

इंग्रजीशी तुलना केली की हे वेगळेपण ठळक होते. एखाद्याचा अंतिम पराभव झाला की इंग्रजीत त्याला त्याचे वॉटर्लू भेटले असे म्हणतात. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला हरला तो फ्रेंचांचा नेपोलियन. जिंकणाऱ्यांत इंग्रज होते. म्हणजे इंग्रजीने आपल्या शत्रूच्या पराभवाचा वाक्प्रचार केला आणि मराठीने स्वतःच्या पराभवाचा. फार मोठी किंमत मोजून मिळालेल्या विजयासाठी इंग्रजी इसवी सनापूर्वी २७९ मध्ये रोमनांशी लढलेल्या पिऱ्हस या परक्या राजाचे नाव घेते. मराठीत त्याच अर्थाला ‘गड आला पण सिंह गेला’ ही म्हण आहे, आणि ती १६७० साली कोंढाण्यावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांची, म्हणजे पुन्हा घरचीच आहे. एका भाषेने दुसऱ्यांची जखम दाखवली आणि दुसरीने स्वतःची, असे थोडक्यात म्हणता येईल.

यावर कोणी चतुर श्रोता विचारील की ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा विजयाचा वाक्प्रचार नव्हे काय? अवश्य आहे, आणि तो १७५८ च्या उत्तरेकडील स्वारीतून आला आहे. पण त्या वाक्प्रचारात कोण हरले याचा पत्ताच नाही. त्यात आहे ती सीमा, आणि ती ओलांडल्याचा आनंद. दसऱ्याला महाराष्ट्र जो शब्द उच्चारतो तोही ‘सीमोल्लंघन’ हाच. मराठीने मोठ्या विजयाला दिलेले हे दोन्ही शब्द कोणाला पाडल्याचे नसून कुठवर पोहोचल्याचे आहेत. प्रतिस्पर्ध्याला धूळ चारणे, पाणी पाजणे, नाक घासायला लावणे हे वाक्प्रचार मराठीत भरपूर आहेत हे मान्यच करायला हवे. पण त्यांची जागा फडातल्या आणि सभेतल्या जोशात आहे, आणि हलगी थांबली की त्यांचाही आवाज उतरतो.

या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातही असाच एक धडा आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले तेव्हा पहिली मोठी चकमक नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि पुढची वाट मोकळी झाली. सैन्याने या मोहिमेला ‘ऑपरेशन पोलो’ म्हटले, शासनाने ‘पोलीस कारवाई’ म्हटले, गावोगावच्या वृद्धांनी आपले जन्मसाल सांगताना ‘पुलिस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘नंतर’ अशी कालगणना केली, आणि मराठवाड्याने १७ सप्टेंबरला ‘मुक्तिदिन’ हे नाव दिले. विजयदिन म्हणण्याचा मोह का झाला नसेल? कारण विजय म्हटले की समोर पराभूत शेजारी उभा करावा लागतो, आणि मुक्ती म्हटले की अंमल गेला एवढेच सांगावे लागते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढा निजामाच्या राजवटीविरुद्ध होता; त्याच गावात राहणाऱ्या आणि पुढेही राहायच्या असलेल्या माणसांविरुद्ध नव्हता. त्या काळात ज्यांनी सोसले त्यांच्या दुःखाची खोली एका शब्दात मावणार नाही, पण ‘मुक्ती’ या शब्दाने पुढे एकत्र राहण्याला जागा ठेवली, हे नाकारता येणार नाही.

तिसरा मुद्दा उसन्या शब्दांचा. मराठीतले हार-जितीचे शब्द सगळे मूळचे मराठी आहेत असा समज असेल तर तो सोडून द्यावा. फत्ते अरबीतून आला, बाजी फारसीतून आली, शह आणि मात बुद्धिबळाच्या पटावरून फारसीतूनच आले. इंग्रजीतला ‘चेकमेट’ आणि मराठीतली ‘शह-मात’ यांचे मूळ एकच, म्हणजे राजा निरुपाय झाला या अर्थाचे फारसी ‘शाह मात’. ज्या प्रदेशात १९४८ पर्यंत उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती तिथे या शब्दांना परके म्हणणे अवघडच आहे. पण मराठीने त्यांचे काय केले हे पाहणे उद्बोधक आहे. फारसीत ‘शिकस्त’ म्हणजे मोड, पराभव. तोच शब्द मराठीत आला आणि ‘प्रयत्नांची शिकस्त’ झाला, म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा. पराभवाचा शब्द घेऊन भाषेने त्याला प्रयत्नाचा अर्थ दिला. ‘मात’ हा शब्दही तसाच सरकला. आज मराठी माणूस आजारावर मात करतो, दुष्काळावर मात करतो, आणि त्यात कोणताही राजा निरुपाय होत नाही.

आता इंग्रजीतून आलेल्या शब्दांचे काय झाले ते तपासावे. त्यांतले बरेचसे खेळातून आले आणि खेळातच राहिले. ‘हॅटट्रिक’ हा शब्द इंग्लंडमधील शेफिल्ड येथे १८५८ साली लागोपाठ तीन बळी घेणाऱ्या गोलंदाजाला टोपी भेट दिल्यावरून आला असे सांगतात. आज मराठी वृत्तपत्रांत आमदारांची हॅटट्रिक होते आणि टोपी मात्र मतदाराच्या डोक्यावर जाते. ‘वॉकओव्हर’ हा घोड्यांच्या शर्यतीतला शब्द, कारण प्रतिस्पर्धी नसलेल्या घोड्याला मैदानावरून नुसते चालत जावे लागे. मराठी पंचांनी त्याच्यासाठी ‘पुढे चाल’ असा शब्द योजला, आणि चाल दोन्हीकडे कायम राहिली. ‘व्हाईटवॉश’ या शब्दाचे शब्दशः मराठीकरण करण्याच्या फंदात कोणी पडले नाही हे बरे झाले, कारण भारताने पाहुण्या संघाला चुना लावला असा मथळा छापला असता तर पोलिसांत तक्रार गेली असती. मराठी क्रीडापत्रकारांनी त्याऐवजी ‘निर्भेळ यश’ हा सुंदर पर्याय रूढ केला.

याहून बोलके उदाहरण बक्षीस समारंभाचे आहे. पहिल्या तीन क्रमांकांत न बसलेल्यांना इंग्रजी रीतीने जे बक्षीस देतात त्याला सांत्वनाचे बक्षीस म्हणावे लागेल, आणि मराठीत सांत्वन करायला माणसे दुःखाच्या घरी जातात. मराठी शाळेने त्या बक्षिसाला ‘उत्तेजनार्थ’ म्हटले. जे बक्षीस झालेल्या गोष्टीचे दुःख हलके करण्यासाठी होते ते होणाऱ्या गोष्टीला बळ देण्यासाठी झाले. वक्तृत्वस्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलेल्यांपैकी काही जण पुढे सभा गाजवतात, याचा अनुभव या सभागृहातही अनेकांना असेल.

इंग्रजीचे ऋण मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ‘स्पोर्ट्समन स्पिरिट’ ही कल्पना इंग्रजी शाळांच्या मैदानांवरून आली, आणि तिच्यातून मराठीला ‘खिलाडूवृत्ती’ हा शब्द मिळाला. तालमीत वस्तादाच्या पायाला हात लावणे आणि लढतीनंतर प्रतिस्पर्ध्याला छातीशी धरणे ही रीत आधीही होती, पण जिंकणाऱ्याने न उतणे आणि हरणाऱ्याने न कुढणे या दोन्ही गोष्टींना मिळून एक नाव नव्हते. ते नाव इंग्रजीच्या संगतीत आले आणि मराठीने ते आपलेसे केले.

चौथा मुद्दा या सगळ्याच्या मुळाशी आहे. पराभव कोणाचा असतो? डावाचा की माणसाचा? आतापर्यंत पाहिलेले बहुतेक मराठी शब्द क्रियापदे आहेत: चीत होणे, बाद होणे, पडणे, बुडणे. क्रियापदाला काळ असतो. ते घडते आणि संपते. अलीकडे आलेला ‘लूजर’ हा शब्द मात्र नाम आहे, आणि ते माणसाला चिकटते. सामना संपला, निकाल लागला, मोसम गेला, तरी ‘लूजर’ राहतो. इंग्रजीतही या शब्दाचा मूळ अर्थ केवळ हरलेला असा होता. माणसाची लायकी ठरवणारी शिवी म्हणून तो पुढे रूढ झाला आणि चित्रपट, मालिका व मोबाईल यांच्या वाटेने तो त्याच अर्थाने शाळेच्या पटांगणात उतरला. हॅटट्रिक आणि वॉकओव्हर यांनी मराठीचे काही बिघडवले नाही. बिघडवील तर हा एक शब्द बिघडवील.

या प्रश्नावर धाराशिव जिल्ह्याकडे सातशे वर्षांचे जुने उत्तर आहे. तेरचे संत गोरा कुंभार यांनी जमलेल्या संतांची परीक्षा मडकी थापण्याच्या थापटण्याने केली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा सर्वांना माहीत आहे. त्या सभेत नामदेव नापास झाले असे आज कोणी म्हणेल. पण गोरोबाकाकांनी वापरलेला शब्द ‘कच्चे’ हा होता, आणि कुंभाराच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ काय? ज्याला अजून भट्टीची आच लागायची आहे ते. कच्चे मडके म्हणजे फुटके मडके नव्हे. नामदेव त्यानंतर विसोबा खेचरांकडे गेले, आणि ज्या परंपरेने त्यांना कच्चे म्हटल्याची कथा जपली तिनेच त्यांना संतांच्या पहिल्या रांगेत बसवले. परीक्षा कडक, निकाल स्पष्ट, आणि तरी माणसाला पुढे जायला वाट मोकळी: याहून चांगली गुणपत्रिका कोणत्या मंडळाने आजवर छापली आहे?

मंडळाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगावे की राज्याच्या परीक्षा मंडळाने गेल्या दशकात दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवरील ‘अनुत्तीर्ण’ हा शेरा वगळून ‘कौशल्य विकासास पात्र’, ‘पुनर्परीक्षेस पात्र’ असे शेरे आणले. सरकारी मराठीची थट्टा करण्याची सवय असलेल्यांना यातही हसू येईल, पण या बदलामागची जाण गोरोबांच्या शब्दापासून फार लांबची नाही. महाविद्यालयातल्या मुलांनी तर ‘एटीकेटी’ या इंग्रजी अक्षरांना असे काही घरगुती केले आहे की ‘एक एटीकेटी लागली’ हे वाक्य सर्दी झाल्याच्या सुरात बोलले जाते. त्या अक्षरांचा अर्थ पुढचे सत्र चालू ठेवण्याची मुभा असाच आहे. पुढे जायची वाट ठेवणारा शब्द इंग्रजीतून आला तरी तो स्वागतार्हच.

आता शेतीकडे पाहावे, कारण या जिल्ह्यात सर्वांत मोठी हार-जीत तिथेच होते. पावसाने ओढ दिली आणि बी मातीतच जळाले तर शेतकरी ‘दुबार पेरणी’ करतो. हंगाम संपल्यावर महसूल खाते पैसेवारी काढते, म्हणजे पीक अपेक्षेच्या तुलनेत रुपयाला किती पैसे आले ते ठरवते, आणि ती पन्नास पैशांच्या खाली गेली की गाव टंचाईच्या यादीत येते. या साऱ्या शब्दांत पीक जाते, हंगाम जातो, पैसेवारी घसरते. शेतकरी हरतो असे त्यांपैकी एकही शब्द म्हणत नाही. आणि तरी ज्या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांचे दुःख पाहिले आहे तिथे ‘खचलेला’, ‘हरलेला’, ‘अपयशी’ अशी विशेषणे बातमीत, भाषणात आणि कधी सोयऱ्यांच्या बोलण्यातही शिरताना दिसतात. शब्द बदलल्याने कर्ज फिटत नाही आणि पाऊसही पडत नाही. पण भाव पडला, विमा वेळेवर मिळाला नाही, पाणी आटले, ही ज्या त्या गोष्टीची क्रियापदे ज्या त्या गोष्टीपाशी ठेवली तर जबाबदारी कोठे आहे ते निदान स्पष्ट दिसते. ‘शेतकरी हरला’ असे म्हटले की बाकी सगळे सुटतात.

हरणाऱ्यांविषयी एवढे बोलल्यावर जिंकणाऱ्यांना सोडून देणे न्यायाचे होणार नाही. तुळजापूरची भवानी महिषासुराला मारून जिंकली. दसऱ्याला तिचे सीमोल्लंघन होते, आणि त्यानंतर देवी थेट पौर्णिमेपर्यंत पलंगावर निद्रा घेते. देवीच्या वर्षातील तीन निद्रांपैकी या निद्रेला ‘श्रमनिद्रा’ म्हणतात. विजयानंतरचा मराठी शब्द मद नाही, माज नाही, श्रम आहे. इंग्रजीत जिंकलेल्याने आपल्या मानचिन्हांवर लोळत पडू नये असा टोमणा मारणारा वाक्प्रचार आहे, आणि तो आळशाला योग्यच आहे. तुळजापूरची निद्रा मात्र आळसाची नव्हे. जिंकण्यालाही अंग मोडून कष्ट पडतात, आणि जिंकणाऱ्यालाही थकण्याचा अधिकार आहे, एवढे ती सांगते. नव्वद टक्के मिळवून कटऑफ चुकल्याने रडणाऱ्या आणि पंच्याण्णव मिळवूनही दुसऱ्या दिवशी नव्या क्लासला बसणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी या निद्रेचा अर्थ अवश्य विचारात घ्यावा.

श्रोतेहो, सारांश सांगायचा तर असा. मराठीने हरण्याची क्रियापदे क्षेत्रागणिक वेगळी ठेवली, त्यामुळे एका क्षेत्रातील पराभव दुसऱ्या क्षेत्रात सहसा शिरला नाही. तिने स्वतःचे मोठे पराभव वाक्प्रचारांत जपले आणि विजयाला सीमा ओलांडण्याचे नाव दिले. तिने परभाषेतून शब्द घेतले, पण शिकस्तीसारख्या शब्दाला पराभवातून प्रयत्नाकडे वळवून घेतले. आणि तिच्या संतांनी कच्चे आणि फुटके यांतला भेद फार पूर्वी शिकवला. इंग्रजीतून आलेले शब्द याच कसोटीला लावावेत. जो शब्द डावाविषयी बोलतो त्याला जागा द्यावी. जो माणसावर कायमचा शिक्का मारतो त्याला जागा देऊ नये.

म्हणून या जिल्ह्यातील शिक्षकांना, पालकांना, वार्ताहरांना आणि सभा गाजवणाऱ्यांना या व्यासपीठावरून एकच विनंती आहे. पराभवाची बातमी लपवू नये आणि निकाल मऊ करू नये, पण तो सांगताना नेमके काय गेले ते सांगावे: गणिताचा पेपर गेला, सामना गेला, हंगाम गेला, जागा गेली. वर्गात, घरात आणि छापील मजकुरात ‘लूजर’ हा शब्द कोणत्याही मुलाला, कोणत्याही उमेदवाराला आणि कोणत्याही शेतकऱ्याला उद्देशून वापरू नये.